ताळा न लागणारी कविता

प्रश्न एका ओळीचा होता : दिलेल्या युद्धकवितेतील वृत्त, यमक आणि पुनरुक्ती यांचे विश्लेषण करा. गुण दहा. कविता आल्फ्रेड टेनिसनची, ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’. मी दिवसा एका पतसंस्थेत हिशेब लिहिते आणि रात्री, घरातली जेवणं उरकल्यावर, इंग्रजीच्या बी.ए.चा अभ्यास करते. पेपरातल्या बाकीच्या प्रश्नांनी घाम फोडला होता, पण हा प्रश्न वाचून मला हायसं वाटलं. वृत्त म्हणजे मोजणं, यमक म्हणजे जुळवणं, पुनरुक्ती म्हणजे तीच नोंद पुन्हा. कवितेत भावना वगैरे शोधायच्या असत्या तर गोष्ट वेगळी. इथे तर रोजचंच काम होतं. आकडे मांडायचे आणि ताळा लावायचा.

ताळा लागला नाही. त्याची ही हकिगत.

आधी कवितेमागची घटना समजून घेतली, कारण कोण कुणावर चालून जातंय हेच मला कळत नव्हतं. क्रिमियाचं युद्ध. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. २५ ऑक्टोबर १८५४ला काळ्या समुद्राच्या काठी बालाक्लाव्हाजवळ लढाई झाली. ब्रिटिशांचा सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर उभा होता. रशियन सैनिक टेकडीवरच्या जिंकलेल्या तोफा ओढून नेतायत असं त्याला दिसलं, म्हणून त्या रोखण्याचा लेखी हुकूम त्याने खाली घोडदळाच्या प्रमुखाकडे, लॉर्ड लुकनकडे धाडला. लुकन दरीत. त्याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. ‘कोणत्या तोफा?’ असं विचारल्यावर हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलनने हात उडवून दिशा दाखवली. लुकनने त्यातून जो अर्थ काढला त्यानुसार लाइट ब्रिगेड, म्हणजे हलकं घोडदळ, दरीच्या पार टोकाला असलेल्या रशियन तोफखान्यावर सरळ समोरून धावून गेलं. डावीउजवीकडच्या टेकड्यांवरही तोफा होत्याच. ब्रिगेडचा नायक लॉर्ड कार्डिगन हा लुकनचा मेहुणा, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. नोलन सुरुवातीलाच मारला गेला, त्यामुळे त्याने नेमकं काय दाखवलं होतं हे विचारायला माणूसच उरला नाही. सुमारे ६७० स्वार गेले. शंभराहून अधिक मेले, त्याहून जास्त जखमी झाले आणि घोडे तर शेकड्यांनी पडले.

इतकं कळल्यावर मी पेन्सिल घेतली.

मार्गदर्शक पुस्तकात वृत्ताचं नाव होतं डॅक्टिलिक डायमीटर. एका ओळीत दोन गट, प्रत्येक गटात एक जोरकस अक्षर आणि त्यामागे दोन हलकी. माझे वडील निवृत्त मराठी शिक्षक. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “अगं, हा तर भ गण! गुरू, लघु, लघु. यमाताराजभानसलगा विसरलीस का?” विसरले नव्हते. ‘भानस’ बोटांवर मोजून मी पहिली ओळ मांडायला घेतली.

त्या ओळीत अंतराचा शब्द आहे, लीग. त्याच्याआधी ‘हाफ’ आणि मध्ये एक इवलासा ‘अ’. ‘हाफ’मधला आ दीर्घ, तो गुरू. ‘अ’ लघु. आणि ‘लीग’? त्यातली ली तर मी कितीही घाईत म्हटली तरी दीर्घच राहते. म्हणजे झालं गुरू, लघु, गुरू. हा ‘राजभा’, र गण. पुस्तक म्हणतंय भ, कान म्हणतोय र. बाबांनीही दोनदा म्हणून पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. “पुस्तकात छापताना गडबड झाली असेल,” असा त्यांचा निकाल.

अभ्यासकेंद्रातल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “इंग्रजीत ह्रस्व-दीर्घ मोजत नाहीत, आघात मोजतात.”

“आघात कुठे असतो, मॅडम?”

“ऐकू येतो तिथे.”

हे उत्तर बरोबर आहे, पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्या ते काहीच कामाचं नाही. मी शब्दकोश उघडला. लांब शब्दांवर आघाताची खूण असते. ‘ब्रिगेड’चा आघात ‘गेड’वर, ‘हंड्रेड’चा ‘हं’वर, इथवर मामला सरळ होता. पण टेनिसनने निम्म्याहून जास्त शब्द एका अक्षराचे घातलेत, आणि एकाक्षरी शब्दावर कोश कसलीच खूण करत नाही. मॅडमनी मग दुसरी किल्ली दिली. एकाक्षरी शब्दाचं वजन शेजाऱ्यांवरून ठरतं, आणि ओळ वेगात म्हटली की दोन भारी शब्दांतला एक आपोआप दबतो. ‘हाफ’वर टाळी पडली की ‘लीग’ कितीही दीर्घ असो, तो टाळीच्या मागे येतो. काही जण तिथे माझ्यासारखाच गुरू-लघु-गुरूचा गट ऐकतात, असंही त्यांनी सांगितलं, तेव्हा बाबांना आणि मला दोघांनाही बरं वाटलं.

तेव्हापासून मी लघु-गुरूच्या खुणा सोडल्या आणि भजनात धरतात तशा नुसत्या टाळ्या धरल्या. एका ओळीला दोन टाळ्या. आश्चर्य म्हणजे कविता चालू लागली. सगळे सांगतात की हा घोड्यांच्या टापांचा ताल आहे. असेल. एवढंच की प्रत्यक्षात ब्रिगेड निघाली ती चालीने, मग दुडक्या चालीने, आणि शेवटी भरधाव. कवितेत मात्र पहिल्या ओळीपासून भरधावच. धावण्याचा वेग कवीने वाढवत नेलेला नाही, तो वाचकाला आयता घोड्यावर बसवतो.

टाळ्या जमल्यावर माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. पहिल्या कडव्याच्या ओळींतली अक्षरं मोजली. सहा, पाच, सात, पाच, सहा, सहा, सात, पाच. एकाही अक्षरगणवृत्तात असा कारभार खपला नसता. दोन गट तीन-तीन अक्षरांचे, म्हणजे सहा अक्षरं यायला हवीत. मग पाच आणि सात कुठून आले?

पाच अक्षरांच्या ओळी पाहिल्या. ज्या ओळींत सहाशेंचा आकडा येतो त्या सगळ्या पाचाच्या. सहाही कडवी त्या आकड्यावर संपतात आणि दर वेळी ओळ एका अक्षराने तोकडी पडते. शेवटच्या गटात जोरकस ‘हं’ येतो, एक हलकं अक्षर येतं आणि तिसऱ्याच्या जागी काहीच नाही. तिथे श्वास घ्यावा लागतो.

सात अक्षरांच्या ओळी दोन, आणि दोन्हींत मृत्यूची दरी आहे. बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रातल्या मृत्युच्छायेच्या दरीची आठवण देणारी. टाळी धरून म्हटलं तर या ओळींना दोन टाळ्या पुरत नाहीत. तिसरी पडते, आणि ती नेमकी ‘डेथ’ या शब्दावर. दोन ठोक्यांच्या कवितेत मृत्यूला स्वतःचा तिसरा ठोका. हे सापडल्यावर मी बाबांना रात्री अकराला हाक मारली. त्यांनी टाळ्या धरून खात्री केली आणि म्हणाले, “म्हणजे माणसं कमी भरतायत आणि मरण जास्त भरतंय.” मी ते वाक्य लिहून घेतलं.

आकड्याचीही स्वतंत्र भानगड आहे. गेलेले स्वार सुमारे ६७०. लढाईनंतरच्या वर्तमानपत्रांत आकडा आला होता ६०७. सातशेच्या आसपास स्वार होते हे टेनिसनच्या पुढे कानावर आलं, पण त्याने मित्राला, जॉन फॉर्स्टरला, कळवलं की वृत्ताच्या दृष्टीने सातशेपेक्षा सहाशेच बरे. आमच्या संस्थेत कुणी असं कळवलं असतं तर लेखापरीक्षकाने त्याला उभं केलं असतं. पण ‘सिक्स’च्या जागी ‘सेव्हन’ ठेवून म्हणून पाहा. ‘सिक्स’ एका अक्षराचा, तो ‘लीग’सारखा टाळीमागे गुपचूप बसतो. ‘सेव्हन’ला दोन अक्षरं, त्यातल्या पहिल्यावर जोर. ओळीत तिसरी टाळी घुसते आणि घोडा लंगडतो. सत्तर माणसं अशी तालाला गेली.

यमकांकडे वळले तेव्हा वाटलं, निदान इथे तरी जुळणी होईल. ‘हंड्रेड’च्या जोडीला पाळीपाळीने येतात ‘ब्लंडर्ड’ म्हणजे घोडचूक केली, ‘थंडर्ड’ म्हणजे गडगडल्या, ‘वंडर्ड’ म्हणजे नवल केलं आणि ‘संडर्ड’ म्हणजे छिन्न झाले. कानाला गोड, पण कागदावर मांडलं की जमत नाही. चौघांच्या शेवटी ‘डर्ड’ आणि एकट्या ‘हंड्रेड’मध्ये र आधीच्या ड-ला चिकटलेला. याचा खुलासा असा सांगतात की टेनिसन लिंकनशरचा, आणि तिकडच्या बोलीत ‘हंडर्ड’ असा उच्चार होतो. त्याच्या तोंडी हे यमक चोख होतं. त्याच्या स्वतःच्या आवाजातलं या कवितेचं १८९०चं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं, एडिसनच्या मेणाच्या नळकांडीवर घेतलेलं. मी ते कानाला यंत्र लावून ऐकलं. निम्मी तर खरखर. शब्द मला धड लागले नाहीत, पण म्हातारा कवी, तेव्हा ऐंशीच्या घरातला, कविता वाचत नव्हता. एका सुरात लांबवत, ठोके देत म्हणत होता. आमच्याकडे जुनी माणसं श्लोक म्हणत, तसं. बाबा म्हणाले, “हा आपल्यातलाच दिसतो.”

मग मी उलटं काम केलं. जुळणाऱ्या शब्दांना रंग देऊन झाल्यावर कोणते शब्द कोरे राहिले ते पाहिलं. फार थोडे राहिले, पण कोणते! दुसऱ्या कडव्यात सैनिकाला ठाऊक होतं की कुणीतरी चूक केलीय, तिथला ‘न्यू’, म्हणजे जाणलं. त्याला अख्ख्या कडव्यात जोडीदार नाही. लगेच पुढे तीन ओळी एकाच साच्याच्या, एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या, उलट बोलणं, कारण विचारणं यांतलं काहीही आपलं काम नाही आणि आपलं काम करून मरण्याचंच, असं सांगणाऱ्या. त्या तिन्हींची यमकं एकमेकांत घट्ट बसतात, परेडमधल्या रांगेइतकी. पाळणाऱ्याला यमक आहे, जाणणाऱ्याला नाही. आणि ‘डेथ’. तो शब्द कवितेत पुन्हापुन्हा येतो, ओळीच्या टोकाला येतो, जिथे यमक हमखास असायला हवं तिथे येतो. ‘शेल’, ‘वेल’, ‘हेल’, ‘फेल’ हे तोफगोळे, शौर्य, नरक आणि पडणं एकमेकांशी जुळत राहतात. त्यांच्यामध्येच उभा असलेला ‘डेथ’ कुणाशीच जुळत नाही. जुळला तर फक्त स्वतःशीच.

पुनरुक्तीचा हिशेब सर्वांत विचित्र. कविता सुरू होते तीच अर्धी लीग तीनदा उच्चारून. एक लीग म्हणजे साधारण तीन मैल. तीन अर्ध्या लीगा मिळून साडेचार मैल होतात. प्रत्यक्षात स्वारांना कापायचं अंतर होतं मैलभराहून थोडं अधिक. तेव्हा ही बेरीज नव्हे. तेच अंतर पुन्हा म्हटलं की ते संपत नाही, एवढंच त्यातून कळतं.

तिसऱ्या कडव्यात तोफा उजवीकडे, डावीकडे, समोर. तीन ओळींची शेपटी तंतोतंत तीच, बदलतो तो मधला दिशेचा शब्द, आणि ते तीन शब्द आपसांत जुळत नाहीत. सुरेश भटांच्या गझला पाठ असलेल्या माणसाला हे पटकन कळतं. रदीफ आहे, काफिया नाही. गझलेत काफिया असतो म्हणून रदीफ येताना सुटल्यासारखं वाटतं. इथे सुटकाच नाही, नुसती भिंत, तीन बाजूंनी. पाचव्या कडव्यात परतताना तीच रचना येते, फक्त ‘समोर’च्या जागी ‘मागे’ पडतं. एका शब्दाच्या फरकाने घोड्यांची तोंडं फिरली. खरं तर परतीच्या वेळी एका बाजूच्या टेकडीवरचा तोफखाना फ्रेंच घोडदळाने हुसकावून लावला होता. पण कवितेत तो गडगडतोच, कारण ओळ पुन्हा यायची म्हणजे तोफाही पुन्हा यायला हव्यात.

त्याच कडव्यात बाबांना एक गोष्ट सापडली, जी माझ्या मार्गदर्शक पुस्तकात नाही. डावीकडे या अर्थी आलेला ‘लेफ्ट’ आणि त्याच्या मागचे दोन छोटे शब्द कडव्याच्या शेवटाजवळ अक्षरशः तसेच पुन्हा येतात, पण तिथे अर्थ होतो ‘उरले तेवढे’. “हे खरं यमक,” बाबा म्हणाले. “अक्षरं तीच, अर्थ निराळा. तुम्ही आता ओळीच्या शेवटच्या जुळणीला यमक म्हणता. अलंकारशास्त्रात यमक म्हणजे हे. मोरोपंतांना विचार.” डावीकडच्या तोफा आणि उरलेली माणसं एकाच आवाजात. टेनिसनने जाणूनबुजून केलं का? त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय की वर्तमानपत्रातलं वर्णन वाचल्यावर वडिलांनी ही कविता काही मिनिटांत लिहिली. तारीख २ डिसेंबर १८५४. एका आठवड्यात ती ‘एक्झामिनर’ साप्ताहिकात छापूनही आली. काही मिनिटांत कुणी असे डाव आखत नाही. पण कान तयार असला तर हात आपोआप तिकडे जात असेल.

पालुपदाचं तर काय सांगावं. पहिली तीन कडवी संपतात ती सहाशे दौडले असं म्हणत. चौथ्याच्या शेवटी ते परतले, पण, आणि इथे ओळ तुटते, नकार दोनदा येतो, एकदा तुटलेल्या टोकाला आणि एकदा पुढच्या ओळीच्या तोंडाशी. सहाशे नव्हेत. पाचव्यात सहाशेंतले उरलेले. सहाव्यात थोर सहाशे, म्हणजे मेलेले धरून पुन्हा पूर्ण आकडा. आमच्याकडे वर्षअखेरीला बुडीत कर्जं पुन्हा येण्यात दाखवली तर गुन्हा ठरतो. कवितेत त्याला गौरव म्हणतात.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त अडवलं ते ‘ब्लंडर्ड’ या शब्दाने. मुलाच्याच आठवणीप्रमाणे कवितेचं वृत्त जन्मलं ते वर्तमानपत्रातल्या ‘चूक झाली’ या उल्लेखातून. म्हणजे ताल आधी त्या चुकीचा होता, घोडे नंतर आले. कवितेत हा शब्द एकदाच येतो. कुणी चूक केली ते सांगितलेलं नाही, कर्ता ‘कुणीतरी’. कवितेचा सगळा रोख धैर्याच्या कौतुकाकडे. पण यमकाने एक काम करून ठेवलं. ‘सहाशे’ म्हटलं की कानात त्याच्या जोडीचा ‘चुकलं’ वाजतो. पुढे ‘गडगडल्या’ आला, ‘नवल केलं’ आला, तरी पहिली जोडी बसलेली बसलीच. शेवटच्या कडव्यात चुकीचं नाव नाही आणि तरीही ती ऐकू येते.

हा माझा कल्पनाविलास आहे असं मॅडमना वाटलं, म्हणून मी आणखी वाचलं. टेनिसन १८५०पासून इंग्लंडचा राजकवी. काही मित्रांना तो शब्द खटकला असावा, कारण १८५५च्या ‘मॉड’ या संग्रहात त्याने ही कविता बदलून छापली आणि चुकीचा उल्लेख वगळला. त्याच वर्षी क्रिमियातल्या सैनिकांना ही कविता आवडते, त्यांना प्रती हव्यात, असा तिथल्या एका धर्मोपदेशकाचा निरोप आला. टेनिसनने सैनिकांसाठी वेगळे कागद छापून घेतले आणि त्यात चूक परत जागेवर ठेवली. ज्यांच्यावर ती बेतली होती त्यांच्या हाती द्यायच्या कागदावर ती लपवून कशी चालेल? तीच प्रत आज आपण वाचतो. मॅडमनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “उत्तरात लिहा. पण आधी वृत्ताचं नाव लिहा.”

तसंच केलं. पहिल्या वाक्यात डॅक्टिलिक डायमीटर लिहून टाकलं, दहातले दोन गुण त्याचे असणार. उरलेल्या दीड पानात मी फक्त न जुळणाऱ्या जागा लिहिल्या : तोकडी पडणारी सहाशेंची ओळ, मृत्यूची तिसरी टाळी, जोडीदार नसलेला ‘जाणलं’, साडेचार मैलांची दरी. बाबांना हे पूर्ण पटलेलं नाही. त्यांच्या मते ही वीररसाची कविता आहे, ती उभं राहून खणखणीत म्हणावी आणि अंगावर काटा आला की तिचं काम झालं. त्यांच्या समाधानासाठी मी ती तशी म्हणूनही दाखवली. काटा आला, दोघांच्याही. पण काटा आल्यावर कुणी ‘कोणत्या तोफा?’ असं विचारत नाही, आणि त्या दिवशी त्या दरीत नेमका तोच प्रश्न धड विचारला गेला नव्हता. तालाचं काम वाहून नेणं. विश्लेषणाचं काम, निदान माझ्यासारखीपुरतं, लगाम खेचून तो प्रश्न विचारणं.

माझ्यामागून हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना सांगेन : वृत्ताचं नाव पुस्तकातून घ्या, त्यात कमीपणा नाही. टाळ्या मात्र स्वतः धरा. यमकांना रंग देऊन झाले की रंगवलेल्या शब्दांवर पान खर्च करू नका. कोरा राहिलेला शब्द शोधा आणि उत्तर तिथून लिहायला घ्या.